श्रद्धांजलीचा फॉन्ट

“मी मेलोय म्हनं,” ज्ञानू आबा म्हणाले. “कुणी मारलं, त्येवढं सांगा.”

दारात पायताण काढून ते तिथंच थांबले. धोतर, बंडी, डोक्याला मळकं मुंडासं. त्यांच्या खांद्यावरून सोपानरावांचा घामेजलेला चेहरा डोकावत होता. इवा रणदिवेनं कीबोर्डवरचा हात काढला आणि दोघांना आत बसवलं.

शिरूरच्या जुन्या मिशनच्या आवारात इवाची एक खोली होती. आई दयाबाई गेल्यापासून ती तिथं एकटीच राहायची. पोटासाठी ती लग्नपत्रिका, हँडबिलं असली डीटीपीची कामं करी, आणि उरलेला सगळा वेळ ‘अक्षरकट्टा’ या इंटरनेटवरच्या मंडळात जाई. कुठल्या तरी पाटीचा नाहीतर पत्रिकेचा फोटो टाकून लोक तिथं विचारत, ‘हा फॉन्ट कुठला?’ म्हणजे कॉम्प्युटरवरचं हे अक्षरांचं वळण कुणाचं, त्याचं नाव काय. त्या प्रश्नांवर देखरेख ठेवायचं बिनपगारी काम इवाकडं होतं.

लोक धुरकट फोटो टाकत, खाली ‘अर्जंट’ लिहीत, उत्तर मिळालं की पसार होत. गरज सरो, वैद्य मरो. तरी ती रोज बसे, कारण घरात दुसरं बोलणारं कुणी नव्हतं. तिच्या वाढदिवसाला कट्ट्यावरचं यंत्र आपोआप शुभेच्छा धाडी आणि ती वेडी त्यालाही ‘आभारी आहे’ असं लिही.

शिरूरात गुप्तहेराचा बोर्ड लावला तर लोक हसून हसून लोळतील, म्हणून तिनं तो कधी लावला नाही. पण मागच्या निवडणुकीत एका निनावी हँडबिलाच्या अक्षरांवरून तिनं छापणारा हुडकून काढला होता. तेव्हापासून अडलेली माणसं तिच्याकडं यायची, आणि बहुतेकांना सोपानरावच आणून सोडायचे. ते एसटीचे वाहतूक नियंत्रक. मागच्या वर्षी मेच्या अखेरीला डेपोतल्या निम्म्या मंडळींबरोबर एकदमच निवृत्त झाले. मनानं सोन्यासारखा माणूस, पण समजायला उशीर आणि जाहीर करायला घाई. गाडी लागायच्या आधीच घोषणा करायची सवय जाता जात नव्हती.

झालं होतं ते असं. आबा निमोण्याचे. बाजाराला म्हणून ते सकाळी शिरूरला उतरले, तर स्टँडच्या फाटकाशी त्यांचा स्वतःचाच फोटो टांगलेला. एका ओळखीच्या बाईनं त्यांना बघून तोंडाला पदर लावला. आबांना वाचता येत नव्हतं. शाळेत नाव तेवढं घातलं होतं, पण पाटी हातात यायच्या आधीच मेंढरांची काठी आली. रसवंतीवाल्यानं त्यांना बोर्ड वाचून दाखवला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये नाव, नावाखाली तारीख एक जून. बोर्ड लागला तोच दिवस. आबांनी तो फ्लेक्स तिथल्या तिथं खाली ओढला, उसाच्या चिपाडांवर टाकला आणि काडी लावली.

“त्याच्या आधी मी मोबाइलवर फोटो काढला व्हता,” सोपानराव म्हणाले. “दुखवट्याला जायचं म्हणून तारीख लक्षात ठेवाय.”

“तुमचा संशय कुणावर आहे, आबा?” इवानं विचारलं.

आबांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. बायको गीताबाई अचानक गेली. एकुलता मुलगा बिरदेव कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कामाला. गेटवर निरोप धाडला होता, पण आत पोचला नाही. शिफ्ट संपवून पोरगा आला तोवर चिता विझत आली होती. चारचौघांसमोर आबा त्याला म्हणाले, ‘आमच्या लेखी तू मेलास.’ तो उभ्या उभ्या माघारी गेला, तो आजतागायत आला नाही.

“आता त्यानं त्येच माझ्या पदरात घातलं असंल,” आबा म्हणाले. “बोर्डावरचा फोटो जत्रंतला हाय. त्यो माझ्या मांडीवर बसलाय, असा काढला हुता. कामाला लागला तवाच घेऊन गेला त्यो. दुसऱ्या कुणापाशी न्हाई. तरी पक्कं झाल्याबिगर मला पाप करायचं न्हाई. त्यानंच केलं असंल तर सांगा. भीमंवर जातो, त्याच्या नावानं आंघोळ करतो आन् मोकळा हुतो.”

जित्या पोराच्या नावानं आंघोळ केली की ते नातं कायमचं संपतं. म्हातारा रागानं बोलत नव्हता, ठरवून बोलत होता.

आबा गेल्यावर तिनं मोबाइलमधला फोटो कॉम्प्युटरवर घेतला. अक्षरकट्ट्यावर येतो तसाच धुरकट. बोर्डाला कडेनं पिवळ्या झेंडूची नक्षी होती, पण वरच्या बाजूला काळ्या पट्टीनं ती नक्षी मध्येच कापली होती. त्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत श्रद्धांजली. मध्ये आबांचा जुना काळापांढरा फोटो. खाली ‘ज्ञानू म्हाकू कोकरे’ आणि तारीख. लाकडी चौकट आखूड पडल्यामुळं फ्लेक्सची खालची पट्टी मागं दुमडली होती. तिथं काय होतं ते राखेतच गेलं.

“दोन वेगळी वळणं आहेत,” इवा म्हणाली. “वरचा फॉन्ट ‘ठसा’. तो प्रत्येक दुकानात असतो, त्याचा उपयोग नाही. नावाचा मात्र मी ओळखत नाही.”

“त्ये नाव हातानं काढलंय. कसं लग्नाच्या मंडपावानी वळवलंय बघा,” सोपानराव म्हणाले.

“या नावात तीन ‘क’ आहेत, मामा. हातानं काढलेले तीन ‘क’ कधी हुबेहूब येत नाहीत. हे तिन्ही एका साच्यातले आहेत. हा फॉन्टच.”

इतक्या वर्षांत तिनं कट्ट्यावर दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा स्वतः प्रश्न टाकला. ‘फोटो धुरकट आहे, माफ करा. एका माणसाचं फार मोठं काही यावर अडलं आहे.’

दुपारपर्यंत नागपूरच्या एका तरुणाचं उत्तर आलं. फॉन्ट त्यानंच केला होता, नाव ‘तोरण’. अजून बाजारात नव्हता, मागेल त्याला तो मेलनं धाडत असे. आणि पुण्याच्या बाजूनं तो मागणारी एकच व्यक्ती होती. तिला त्याच्याकडं इवानंच पाठवलं होतं.

इवानं कट्ट्यावरचे मेमधले प्रश्न उपसले. ‘धनू दौंड’ या नावानं कुणीतरी एका लग्नपत्रिकेचा तुकडा टाकला होता. ‘हा फॉन्ट कुठला? एका बोर्डाला हवाय. हौशी पार्टी आहे. अर्जंट.’ खाली इवाचं उत्तर, ‘तुकडा धुरकट आहे, मला ओळखता येत नाही. नागपूरचा एक मुलगा असली वळणं करतो, त्याला विचारून बघा.’ त्याखाली आभार वगैरे काही नाही.

“चला मामा,” ती म्हणाली. “पण वाटेत निमोणं करू.”

निमोण्यात आबांचे भाऊबंद सर्जेराव राहत. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सोपानरावांनी एसटीतच त्यांना गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. सर्जेराव मात्र ओशाळे झाले होते. शिरूरहून पहिल्या गाडीनं बातमी आली तेव्हा ते ओक्साबोक्शी रडले होते, आणि सरणाला लाकडंही सांगून बसले होते. वखारवाला आता ती परत घेईना.

“भांडाय तरी मानूस लागतंय की न्हाई?” ते म्हणाले. “त्यो गेला असता तर मी कुनाशी भांडनार हुतो?”

बाहेर आल्यावर इवानं त्यांचं नाव खोडून टाकलं. खोटी श्रद्धांजली लावणारा माणूस खरी लाकडं सांगत नाही.

‘धनू दौंड’ म्हणजे धनश्री, दौंड स्टेशनच्या बाहेर डीटीपीचं दुकान चालवणारी चटपटीत मुलगी. इवाचं नाव ऐकून ती उठून उभी राहिली. अक्षरकट्ट्यावरच्या ताई खऱ्या असतील, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आभार मानायचे राहिले, असंही ती म्हणाली.

इवानं बोर्ड तिनंच केला का, एवढंच विचारलं. हो, तिनंच. कुरकुंभच्या कंपनीचा युनिफॉर्म घातलेला एक माणूस आला होता. पाकिटातून त्यानं एक जुना फोटो काढून दिला. फोटोत मांडीवर एक पोर होतं, ते काढून टाकायला सांगितलं. म्हणाला, त्याची गरज न्हाई. वर एक ओळ, मध्ये वडलांचं नाव आणि तारीख, खाली स्वतःचं नाव, असा मजकूर त्यानं सांगितला. शिरूर स्टँडलाच लावायचा, असा हट्ट होता.

सोपानरावांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या मते गाडी फलाटाला लागली होती.

“सगळ्या बोर्डाला एकच फॉन्ट वापरलास?” इवानं विचारलं.

“व्हय ताई. वरपासून खालपर्यंत ‘तोरण’च. मला खिचडी आवडत न्हाई.”

“आणि कर्व्ह केलं होतंस?”

सोपानरावांच्या चेहऱ्याकडं बघून इवानं समजावलं. छापणाऱ्याकडं तो फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. म्हणून फाइल धाडताना अक्षरांची चित्रं करून टाकतात. त्याला कर्व्ह करणं म्हणतात. मग अक्षरं कुठंही गेली तरी बदलत नाहीत.

धनश्री आठवू लागली. नावं आणि तारीख केली होती. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली. लाइट जायच्या आत फाइल यवतच्या प्रिंटरला मेल करायची होती. वरच्या ओळीचं केलं की नाही ते तिला सांगता येईना.

“पण काय झालं, ताई? वरच्या ओळीत मी तर...”

“आत्ता सांगू नकोस,” इवा म्हणाली. “मला जे वाटतं ते आधी माझं मला पडताळू दे.”

यवतच्या वाटेवर सोपानराव फुगून बसले होते. अर्ध्या रस्त्यात त्यांनी तोंड उघडलं.

“पोरानं पैसं मोजून बापाचा बोर्ड लावला. सोताला फोटोतनं कापून घेतलं. आता काय पडताळायचं ऱ्हायलं? म्हाताऱ्याला सांगून टाका.”

“तुम्हाला सांगवेल?”

यवतचा संपत हायवेलगतच्या शेडमध्ये फ्लेक्सचं मशीन चालवायचा. शेड शाईच्या वासानं कोंदलेली. सुतकी तोंडाचे आणि हसऱ्या तोंडाचे बोर्ड एकाच दोरीवर वाळत होते. इवानं त्याला आबांबद्दल काहीच विचारलं नाही. बाहेरून आलेल्या फाइलमधला फॉन्ट उघडला नाही तर काय करतोस, एवढंच विचारलं.

“फोन लावतो. पर लाइट गेली की त्यांचा फोनबी बंद. आन् बोर्ड पोचवायची गाडी तर येळंला सुटली पाहिजे.” संपतनं खांदे उडवले. “मग आपणच वळखून लावतो. तयार पट्ट्या हायेत माझ्याकडं, समद्या कार्यक्रमांच्या. फोटो बघितला की कळतंय, काम कसलं हाय.”

“कधी चुकलं नाही?”

“आजवर तरी कुणी तक्रार न्हाई केली.”

ज्यानं तक्रार करायची, त्यानं बोर्डच जाळून टाकला होता. बाहेर येऊन इवा सोपानरावांना म्हणाली, आबांना उद्या कुरकुंभला घेऊन या.

दुसऱ्या दिवशी एमआयडीसीच्या गेटसमोरच्या चहाच्या हॉटेलात ते बसले. आबांच्या काखेत कापडी पिशवी होती आणि तिच्यात कोरडं धोतर. परतताना दौंडला भीमेवर उतरायचं, हे त्यांनी सोपानरावांना सांगून ठेवलं होतं. दुपारची शिफ्ट सुरू व्हायला थोडा वेळ होता. बिरदेव चहाला आला, बापाला बघून जागीच थबकला, आणि पलीकडच्या बाकड्यावर पाठ करून बसला.

“यानंच केलं न्हवं?” आबांनी विचारलं.

“बोर्ड यानंच लावला,” इवा म्हणाली. “श्रद्धांजली यानं लावली नाही. आबा, दुखवट्याच्या बोर्डावर काय काय असतं?”

“दहावा कुठं, कवा. परवचन कुणाचं. खाली समदं गणगोत.”

“यातलं काहीच त्यावर नव्हतं. नुसती एक तारीख. तीही त्याच दिवशीची, आणि बोर्ड तर सकाळी उजाडायलाच टांगलेला. त्या दिवशी मेलेल्याचा बोर्ड त्याच्या आदल्या दिवशी छापणार कोण? ती मरणाची तारीख असूच शकत नाही. मामा, तुमच्या डेपोतली निम्मी माणसं मे संपताना एकदम निवृत्त का झाली?”

“का म्हंजी? समद्यांचा जन्म एक जूनचा. शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला ठावं नसायची. मास्तर सरसकट एक जून...” सोपानराव बोलता बोलता थांबले. डोळे विस्फारून त्यांनी आबांकडं पाहिलं.

“आबांचंही शाळेत नाव घातलं होतं,” इवा म्हणाली. “बिरदेवनं वाढदिवसाचा बोर्ड लावला होता, आबा.”

बिरदेव वळला. त्याला काहीच कळत नव्हतं. श्रद्धांजलीचं तो पहिल्यांदाच ऐकत होता.

इवानं शांतपणे उलगडून सांगितलं. धनश्री एका बोर्डाला एकच फॉन्ट वापरते, आणि या बोर्डावर दोन होते. नाव तिनं ठेवलं तसं राहिलं, म्हणजे वरची ओळ कुणीतरी नंतर बदलली. काळ्या पट्टीनं झेंडूची नक्षी कापली होती, ती त्यामुळंच. वरच्या ओळीचं कर्व्ह करायचं राहिलं होतं. यवतला ती उघडली तेव्हा तिथं नुसता कचरा दिसला. संपतनं फोन लावला, तो बंद. मग त्यानं फोटो बघितला.

“या धंद्यात जिवंत माणूस रंगीत असतो,” ती म्हणाली. “वाढदिवसाला लोक नवा फोटो काढून आणतात. जुना काळापांढरा फोटो दिसला की तो माणूस गेलेलाच, असं धरून चालतात. खाली मुलाचं नाव होतं, ते संपतला शोकाकुल मुलाचं वाटलं. त्यानं हाताशी असलेली तयार पट्टी चिकटवली. आणि ते खालचं नाव चौकटीमागं दुमडलं गेलं. धनश्रीला कट्ट्यावर तो फॉन्ट विचारताना घाई कसली होती, ते तिनंच लिहिलं होतं. हौशी पार्टी. दुखवट्याच्या गिऱ्हाइकाला कुणी हौशी म्हणत नाही. काल यवतहून मी तिला फोन केला. वरच्या ओळीत काय होतं, ते तिनं सांगितलं.”

“पर काळापांढरा का?” सोपानरावांना अजून एक गाठ सुटत नव्हती.

उत्तर बिरदेवनं दिलं. खाली बघतच तो बोलला.

“दुसरा न्हवता माझ्यापाशी.”

हॉटेलवाल्यानं चहा आणून ठेवला. आबांनी काखेतली पिशवी बाकड्यावर ठेवली.

“काय लिवाय सांगितलं हुतंस?” त्यांनी विचारलं. “मला वाचाय येत न्हाई. तोंडानं सांग.”

“‘आबा, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’” बिरदेव म्हणाला. “आन् खाली, ‘तुमचा बिरदेव.’ मला वाटलं, बोर्ड बगून तरी तुम्ही निरोप धाडाल. रोज गेटवर इचारतोय, कुणी आलं हुतं का म्हणून.”

“आन् मी त्यो जाळला.”

“असू द्या.”

“माझी तारीख न्हाई ती,” आबा हळू म्हणाले. “मेंढरं घाटाखाली उतरत हुती, तवाचा मी. दिवाळी झाल्यावरचा. तुझ्या आयला ठावं हुतं. तुला मी कवा सांगितलंच न्हाई. आन् त्या दिशीबी लई बोललो तुला. बोलाय नगं हुतं.”

बिरदेवनं बाहीनं डोळे पुसले. आबा उठून त्याच्या बाकड्यावर जाऊन बसले. इवानं तिकडून नजर काढून घेतली. आजवर शेकडो लोकांना तिनं उत्तरं दिली होती, पण उत्तर मिळाल्यावर माणूस कसा दिसतो ते ती आज पाहत होती. खोलीवर परत जायचा तिला एकाएकी कंटाळा आला.

कंपनीचा भोंगा झाला. गेटवर कार्ड पंच करायला रांग लागली होती. बिरदेव उठला, दोन पावलं गेला आणि माघारी वळून उभा राहिला.

“जा,” आबा म्हणाले. “ड्युटी चुकवू नगं.”

“तुम्ही कसं जाणार?”

“म्या बसतो हितं. तू सुटलास की जाऊ बरूबर.”

“रात हुईल, आबा.”

“हूं दे,” आबा म्हणाले आणि गेटकडं तोंड करून त्यांनी बाकड्यावर मांडी घातली.